विहिणीचा लाडू

साखरपुड्यात विहिणीनं डिंकाचा लाडू भरवायला हात पुढे केला, तशी भामाक्काची जीभ पुन्हा दातावरच्या नव्या कॅपकडे धावली. "कडक चावाल तर निघेल," डॉक्टरनं बजावलेलं. पण दातानं सुपारी फोडून मिरवलेली बाई विहिणीसमोर कॅपचा दात कशी कबूल करणार?

"थांबा हं!" मोठी सून घाईनं मध्ये पडली. "माझाच पाक चुकलाय. लाडू दगड झालेत."

विहीण हसली. "हिच्याकडूनच शिकायचं होय आमच्या पोरीनं?"

भामाक्काच्या अंगाचा तिळपापड झाला. सुनेला बोल लावायचा हक्क या घरात तिच्या एकटीचा होता.

"माझ्या सुनेचा पाक कधी चुकत नाही!" ती कडाडली आणि बोटानं गाल ओढून कॅप दाखवली. "दात माझा कॅपचा आहे. कुस्करून भरवा."