चार बोटं खाली

भूकंपानंतर विकलेली जुनी जर्मन गाडी सुदाम सरांनी लातुरात क्लासेस जोरात चालल्यावर हुडकून परत घेतली. दोन दारांची, लांब बोनेटची. दुरुस्तीला औसा रोडवर माझ्या गॅरेजात आणली.

इंजिन, पत्रा, रंग, सगळं झालं. फक्त मागून डाव्या अंगाला गाडी चार बोटं बसलेली राहायची. मी स्प्रिंगा बदलल्या. डावीची उजवीकडं टाकून पाहिली. तरी डावीकडं चार बोटंच.

"सर, तिथं काही जड ठेवत होते का?"

"तिथं मंजू बसायची. माझी पोरगी." ते चाकाकडं पाहत राहिले. "भूकंपाच्या रात्री विसर्जनाहून आलो, तर म्हणली, गाडीतच झोपते. मीच उचलून घरात नेली. घर गेलं, ताहेरभाई. गाडीला ओरखडा न्हाई."

मी मागची सीटच काढून बाहेर ठेवली. गाडी वर आली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरांनी डावं दार उघडलं, पुढची सीट वाकवली आणि बाहेरूनच रिकाम्या पत्र्याकडं पाहिलं.

"सरक जरा, मला बसू दे."

सर अजून बाहेरच उभे होते. डावी बाजू हळूहळू चार बोटं वर आली, आणि उजवी तेवढीच खाली बसली.