डावं चाक

टॅक्सीवाल्याची बायको गॅरेजच्या दारात आली, तेव्हा मिस्त्री तिच्या नवऱ्याच्याच गाडीच्या पुढच्या डाव्या चाकापाशी उकिडवा बसला होता. चेंदामेंदा झालेली ती गाडी कालच तिथे ओढून आणली होती. अपघातात तिचा माणूस जाऊन दोन आठवडे झाले होते.

ती बसली नाही. उभ्याउभ्याच म्हणाली, की त्याला डुलकी लागली असं सगळे म्हणतात, पोलिसांच्या कागदावरही तसंच लिहिलंय. सासू तिलाच बोल लावते: आदल्या रात्री भांडलीस, म्हणून त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही. भांडण झालं होतं, हे काही खोटं नव्हतं.

"पण ते म्हणत होते, स्टिअरिंग थरथरतंय. तुमच्याकडे आले होते ना?"

आला होता. गाडी हळू चालवली तरी थरथर जात नाही, डावीकडे ओढते, खड्ड्यात खालून टकटक येते, असं त्यानं सांगितलं होतं. बॅलन्स गेलेलं चाक वेगातच थरथरतं, हळू चालवतानाही थरथरलं तर बिघाड दुसराच, हे मिस्त्रीला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. पण त्या दिवशी कामाचा ढीग पडला होता. त्यानं चाकांचं बॅलन्सिंग तेवढं करून दिलं. एक चक्कर मारून बघायचीही तसदी घेतली नाही. 'जा बिनघोर,' म्हणाला.

आता चाकामागचा, चाकाला धरून ठेवणारा बॉल जॉइंट खोबणीतून निसटून लोंबत होता. खोबण आतून झिजून गुळगुळीत झाली होती. एका धडकेत अशी झीज होत नाही, महिने लागतात. मिस्त्री बोलला नसता, तर हे कुणाला कळलंही नसतं. गाडी उद्या भंगारात जाणार होती.

"वहिनी, तो झोपला नव्हता," तो म्हणाला. "चाक निखळलं. मी बघायला हवं होतं. बघितलं नाही."

ती रडली नाही. वाकून तिनं त्या झिजलेल्या खोबणीतून बोट फिरवलं.

"हे सासूबाईंसमोर बोलाल?"

मिस्त्रीनं हात पुसले आणि शटर ओढलं. ती पुढे, तो चार पावलं मागे, असे दोघं घरापर्यंत चालत गेले.

दार सासूनं उघडलं. मिस्त्रीला बघून ती बाजूला सरली.

"या," म्हणाली. "तुमच्यावर फार भरवसा होता त्याचा."