‘चाल मागे’चं बटण

आजोबांनी उभ्या जन्मात एक चाल मागे घेतली नव्हती, आणि नातीला बुद्धिबळ शिकवणारं हे सॉफ्टवेअर चक्क ‘चाल मागे’ असं बटणच देत होतं! वजीर गेला रे गेला, की कार्टी ते दाबायची.

“हा काय पोरखेळ? मोहऱ्याला हात लावला की चाल झाली!” चहाचा रिकामा कप टेबलावर आपटत आजोबा कडाडले.

नातीने बटण दाबलं. पडद्यावर वजीर परत आला. टेबलावरचा कपही काठोकाठ भरून वाफाळत होता.

“चावटपणा चाललाय नुसता!” आजोबांनी तणतणत थेट प्लगला हात घातला.

“आजोबा, उपटू नका ना,” नात काकुळतीला आली. “मागच्या वेळी उपटताना शॉक बसला, तेव्हा तुम्हाला परत आणायला किती वेळा बटण दाबावं लागलं!”