वर्षाच्या आत

माणूस आपल्या देहाचा सम्राट असतो, असं शर्वरीनं सहा वर्षांपूर्वी घरात जाहीर केलं. राज्याभिषेक मात्र आधी बहिणीच्या लग्नासाठी थांबला, मग आईच्या मोतीबिंदूसाठी. शिरीषची शर्वरी करणारी औषधं सुरू करायला डॉक्टर कधीचे तयार होते. "मी आहे तोवर थांब," असं शेवटी वडील म्हणाले होते.

आज त्यांचं तेरावं. अडवणारं कुणी उरलं नव्हतं, पण शर्वरीला रडूही येईना आणि सुटल्यासारखंही वाटेना. पंगतीत ती नुसती भात चिवडत होती.

"तुझ्या औषधांचं काय झालं गं?" शेजारून थोरल्या आत्यानं विचारलं.

"बघू. घरात दुःख आहे."

"म्हणूनच विचारते. घरातलं माणूस गेलं की कार्य वर्षाच्या आत उरकावं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतं."

"ते लग्नाचं असतं, आत्या."

"कार्य ते कार्य. दसरा गाठ, म्हणजे मुहूर्त बघायला नको. तुझ्या बापाला मी वर गेल्यावर समजावते."

शर्वरी "बरं" म्हणाली. आता तरी काहीतरी वाटायला हवं होतं.

"आता त्या वाढप्याला हाक मार," आत्या म्हणाली, "माझ्या पानात कढी नाही."