बेचाळिसाव्या मिनिटाला

किसनरावांनी रिमोट उचलला तो क्रिकेटसाठी. पण पडद्यावर मॅचच्या आधी भलतंच आलं: 'पाहणं पुढे चालू ठेवा'. त्याखाली धरणाचा माहितीपट, निवडणुकीचा माहितीपट, खाणीचा माहितीपट. एकातही नाच नाही की मारामारी नाही.

"मंजुषाऽ!"

सून हात पुसत बाहेर आली. आत तिच्या सासूबाई, शकुबाई, मिक्सरवर चटणी वाटत होत्या. तो आवाज चालूच राहिला.

"माझ्या घरात हे कोन पाहून राहिलं?"

मंजुषाने पडद्याकडे पाहिलं. "मी."

विश्वंभर नांदेडला नोकरीला होता. वडिलांना घरबसल्या मॅच दिसावी म्हणून त्याने ही सोय टीव्हीला जोडून दिली होती. बायको तिचा असा उपयोग करील हे त्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही नव्हतं.

चांगला राजकीय माहितीपट सापडणं हे काही सोपं काम नाही. 'राजकीय' असं टाकलं की एखाद्या पुढाऱ्याची तासभर आरतीच समोर येते. मागे ढोल, पुढे हळूहळू चालणारी पावलं, वरून फुलं. मंजुषाची हिंगोलीची मैत्रीण हुमेरा या बाबतीत पक्की होती. "जिसमें नुस्ता बाजा बजता, वो बंद कर दे," ती म्हणे. "जिसमें कागज दिखाते, वो देख." गेल्या गुरुवारी मंजुषा बी.एड.चा फॉर्म भरायला हिंगोलीला गेली, तेव्हाही दोघी दुपारभर याच गप्पा मारत बसल्या होत्या.

या कसोटीला वर्षभरात नऊच उतरले. खाणीचा सगळ्यांत भारी. दूरच्या कुठल्याशा राज्यातलं गाव, डोंगर खाणीला द्यायचा ठराव. सगळं ठरलेलं असतं, आणि बेचाळिसाव्या मिनिटाला एक बाई भर सभेत सही न करताच पेनाचं टोपण लावून टाकते. डोंगर वाचतो.

किसनरावांनी बोटाने बटणं दाबत दाबत पाहिलेली यादी उघडली.

"हा खाणीचा चार डाव पाह्यला? काहून?"

"समजायला येळ लागला, मामा."

"शेवटचा डाव गुरवारी दुपारी. कामधंदा सोडून?"

मंजुषाने आत मिक्सरच्या दिशेने पाहिलं. "व्हय," ती म्हणाली.

किसनरावांचा राग माहितीपटांवर नव्हता. गावात सरपंच म्हटलं की किसनरावच. तीन वर्षं गावगाडा तेच हाकत होते. उद्या ग्रामसभा होती आणि गायरान खडी केंद्राला द्यायचा ना हरकत ठराव त्यांना मंजूर करून घ्यायचा होता. खडी केंद्राच्या मालकाला त्यांनी शब्द दिला होता. गायरान गेलं की गावाच्या शेळ्यागुरांना उभं राहायला जागा उरणार नव्हती. हे मंजुषा महिनाभर दारोदार सांगत हिंडत होती.

तेवढ्यात ग्रामसेवक मोहनसिंग दारात आले. "सरपंचसाहेब, ठराव लिहून आणलाय."

मिक्सर बंद झाला.

"सभेत वाचू. मग रजिस्टर घेऊन घरी या, नेहमीवानी," किसनराव म्हणाले. नेहमी असंच व्हायचं. मोहनसिंग ओसरीवर बसत, रजिस्टर आत जाई आणि सही-शिक्का होऊन बाहेर येई. शिक्का स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्याशेजारी असे. हरवायची भीती नाही.

ग्रामसेवक गेले. किसनरावांनी रिमोट खिशात घातला.

"उद्या सभेत तोंड उघडलं, तर तशीच माहेरची एसटी धरायची. समजलं?"

"बॅग भरूनच येते, मामा."

"काय म्हनली?"

"बॅग भरून येते म्हनलं. तिथूनच स्टँड जवळ पडतंय."

"चहा ठेवू का?" आतून शकुबाईंनी विचारलं.

शनिवारी अकरा वाजता पंचायतीसमोर गाव जमलं. उंच पाठीच्या खुर्चीत किसनराव बसले. ठराव वाचून झाला.

"सरपंच, मंग आमच्या शेळ्या कुठं न्यायच्या?" मकबूलचाचांनी विचारलं. तीस शेळ्यांवर त्यांचं घर चालत होतं.

"निघंल मार्ग," किसनराव म्हणाले.

"कुठून निघंल? कागद दाखवा," मागून आवाज आला. मंजुषा उभी होती. हातात खरोखरच बॅग होती. तिच्यामागे डोक्यावर पदर घेऊन शकुबाई.

किसनराव हसले. "बघा, आमची सून. टीव्ही पाहून पाहून पुढारी झाली. बॅग आनलीस नं? मंग निघ."

"निघते. आधी सांगा, शेळ्या काय खडी खातेत का?"

लोक हसले. किसनरावांचा चेहरा लाल झाला. "बस झाला तमाशा! कोन लागून गेली तू? चार डाव ते खाणीचं पाह्यलं अन् मला शिकवायली?"

"ते तिनं न्हाई पाह्यलं," शकुबाई म्हणाल्या. "तिनं पयल्यांदा लावून दाखवलं. मंग चार डाव मीच पाह्यलं. गुरवारी तर ती घरात बी नव्हती."

"तू घरी जाय!"

शकुबाईंनी सुनेच्या हातातली बॅग घेतली. तिच्यात लुगडी नव्हती की बी.एड.ची पुस्तकं नव्हती. हळदीचे डाग पडलेला शिक्का त्यांनी बाहेर काढला आणि रजिस्टरशेजारी ठेवला.

"उठा," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

किसनरावांनी मोहनसिंगांकडे पाहिलं. मोहनसिंग उठून उभे राहिले होते, पण त्यांच्यासाठी नाही. त्यांनी रजिस्टर फिरवून शकुबाईंच्या पुढे केलं.

"बसा, सरपंचबाई. निवडून तुमी आल्या, सही बी तुमचीच लागते."

शकुबाई खुर्चीत बसल्या, पेन उचललं आणि टोपण लावून टाकलं.