पांढरं शीड

पुतण्याची, गुलवेनची, होडी परतली नाही त्याला सोळा दिवस झाले. आमच्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावर बुडालेल्याचं प्रेत मिळालं नाही, तर त्याच्या जागी मेणाचा क्रूस पुरतात. तो घेऊन मी वहिनीकडे निघालो होतो. पण त्याची आई, सोआझिगवहिनी, मला धक्क्यावरच भेटली, पॅरिसहून आलेल्या चित्रकाराच्या पाठीमागे उभी.

“भावोजी, तो क्रूस ठेवा खिशात! हे बघा, चित्रात, पार लांब, पांढरं शीड. माझा गुलवेन येतोय.”

“वहिनी, समुद्राकडे बघ ना. काही नाहीये तिथे.”

“तुमचे डोळे गेलेत म्हातारपणी. हा बाबा दिसतं तेच काढतो. माझ्या दारातली फुटकी बादलीसुद्धा सोडली नाही मेल्याने! विचारा त्याला, कुणाचं शीड ते.”

मी विचारलं. चित्रकाराने मान तिरकी करून नीट पाहिलं.




“बरं झालं दाखवलंत, बाई. एवढी जागा रंगवायची राहूनच गेली होती,” असं म्हणून त्याने तिथे निळ्या रंगाचा ठिपका टेकवला.