साफ केलेली पानं

सुनेने नव्याकोऱ्या पुस्तकातली पहिली ओळ गुणगुणली आणि ती मध्येच थांबली. तिने पान उलटलं. मग भराभर दहा-बारा पानं उलटली.

“अहो, स्वरांची टिंबं कुठे गेली?”

“कसली टिंबं?” नवऱ्याने विचारलं. तो ग्राफिक डिझायनर. बाबांनी जन्मभर बांधलेल्या चाली त्यांच्या वहीतून स्कॅन करून, महिनाभर खपून त्याने हे पुस्तक छापून आणलं होतं. स्वारी भलतीच खुशीत होती. “अगं, वहीवर काळे ठिपकेच ठिपके होते. एका क्लिकमध्ये सगळे उडवले. बघ, कसं चकाचक दिसतंय!”

“ते डाग नव्हते हो! वर टिंब म्हणजे वरच्या सप्तकातला स्वर, खाली टिंब म्हणजे खालच्या. आता सगळे मधल्यातच आलेत. यातून चाल कशी कळणार?”

तो हसायला गेला, पण हसू काही जमलं नाही.

“मूळ स्कॅन असतील ना?”

“त्याच फाइलींवर सेव्ह केलं मी.”

“आणि वही?”

“वाळवी लागली होती. घरभर पसरेल म्हणून... जाळली.”

सून शाळेत गाणं शिकवायची, पण बाबांचं गाणं तिने कधी ऐकलंच नव्हतं. तिच्या लग्नाआधीच घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला होता. कुजबुज तेवढी उरली होती.

बाबा खुर्चीत बसून सगळं ऐकत होते. त्यांनी हात पुढे केला. “पेन दे.”

त्यांनी पहिल्या स्वरावर टिंब दिलं. दुसऱ्यावर दिलं. तिसऱ्याच्या खाली दिलं. पहिली ओळ पुरी झाली तसा डिझायनरच्या जिवात जीव आला. बाबांना पाठ होतं सगळं! उगाच घाबरलो, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या ओळीवर पेन थांबलं. बाबांचे ओठ हलले, पुन्हा हलले. पेन कागदाला टेकेना. त्यांनी मान वर करून मुलाकडे पाहिलं.

“इथे मी वर जायचो की खाली?” ते कुजबुजले. “तू तर रोज शेजारच्याच खोलीत असायचास.”

बाबा गायला बसले, की मुलगा दार लावून कानात हेडफोन घालायचा.